चमचाभर मध

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळासमोर केलेले भाषण. कार्यक्रमानंतर अनेकींनी प्रमाणे लिहून मागितली, म्हणून ती भाषणात सांगितली तशीच ठेवली आहेत.)



मंडळानं मला विषय दिला, मधाचे घरगुती पदार्थ. सरबतं, तोंडीलावणी आणि गोडाचे प्रकार. मागच्या टेबलावर झाकून ठेवलंय ते त्यातलंच आहे. पण आधी ऐकायचं, मग खायचं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे आधी डबा उघडणारी मुलं मला लांबून ओळखू येतात.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते, कारण ती इथल्या निम्म्या जणींनी दातांनी अनुभवली आहे. आठ-दहा वर्षांपूर्वीची संक्रांत आठवा. मी म्हटलं, दरवर्षी काय तोच तिळगूळ, यंदा मधाच्या वड्या करू. पौष्टिक! अर्धा किलो मध कढईत उकळला, त्यात भाजलेले तीळ आणि दाण्याचं कूट घातलं आणि ताटात थापलं. रात्रभर वाट पाहिली. सकाळी सुरी घातली तर सुरी वर येईना. शेवटी चमच्यानं वाट्यांतून वाटला. बी विंगच्या आजींची कवळी त्या गोळ्याबरोबर बाहेर आली. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणायचं, तर कोणाचं तोंडच उघडेना!

हे का झालं ते मला नंतर कळलं. गुळाचा पाक आटला की थंड होताना घट्ट बसतो. मधात फळांमधली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, जास्त असते आणि ती हवेतलं पाणी ओढून घेते. त्यामुळे मधाची वडी पडत नाही, ती चिकटच राहते. म्हणजे मी एक चांगला पदार्थ बिघडवला आणि वर अर्धा किलो मधाचा सुवास उकळून घालवला.

माझ्या मामानं ते पाहिलं असतं तर त्यानं मला घरातून हाकललं असतं. माझं आजोळ साताऱ्याकडचं, जावळी खोऱ्यातलं. मामाकडे परसात सातेरी माश्यांच्या पेट्या होत्या. सातेरी म्हणजे आपल्या डोंगरातली, झाडाच्या ढोलीत राहणारी माशी. ती पेटीतही राहते. मोठं, उघडं पोळं लटकवते ती आग्या. झुडपात तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. आणि डंख नसलेली, अगदी चिमुकली ती पोया. पेट्यांतून पाळतात ती परदेशी मेलिफेरा वेगळी. मामा पेटीतली चौकट हळूच उचलायचा, माश्या ब्रशनं झटकायचा आणि चौकटी यंत्रात घालून हातानं फिरवायचा. मध बाहेर, पोळं शाबूत, माश्या परत कामाला. आम्हां मुलांना तो तळहातावर एक थेंब द्यायचा. एकच. कोणी म्हटलं, मामा, भाकरीबरोबर गरम करून दे, तर म्हणायचा, "मध चुलीला दाखवायचा नसतो."

आज मी तुम्हांला जे सांगणार आहे ते एवढंच आहे. मध थोडा घ्यायचा, शेवटी घालायचा आणि कोणाच्या पानात वाढतोय ते बघून वाढायचा. बाकी सगळं या तीन गोष्टींचं स्पष्टीकरण.

थोडा का? मधमाश्यांचे अभ्यासक सांगतात की एक कामकरी माशी तिच्या सगळ्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा साधारण बारावा भाग एवढाच मध तयार करते. म्हणजे आपल्या एका चमच्यात बारा माश्यांचा जन्म असतो. हे ऐकल्यापासून बरणी बोटानं पुसून घेतल्याशिवाय मी ती धुवायला टाकत नाही.

शेवटी का? आयुर्वेदात तापवलेला मध वर्ज्य सांगितला आहे, हे आपण आजीपासून ऐकत आलो. प्रयोगशाळेच्या भाषेत बोलायचं तर मध तापवला की त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, नष्ट होतात, फुलांचा वास उडतो आणि एचएमएफ नावाचा घटक वाढतो. मग उरतो तो नुसता महागडा पाक. तेवढंच हवं असेल तर साखर आहे की, कितीतरी स्वस्त!

आता सरबतं. ऊन वाढायला लागलंय, त्यामुळे पहिलं कोकम. दहा-बारा आमसुलं दोन पेले पाण्यात दोन-तीन तास भिजवा. हातानं कुस्करून गाळून घ्या. चवीला मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. मध थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, तळाशी जाऊन बसतो. म्हणून सहा चमचे मध आधी अर्धी वाटी कोमट पाण्यात ढवळून घ्यायचा आणि मग सरबतात ओतायचा. वर दोन पेले गार पाणी. चार जणांना पुरतं. ही कोमट पाण्याची युक्ती सगळ्या सरबतांना लागू आहे.

दुसरं पन्हं. पन्हं सगळं मधाचं करू नका. कैरीचा आंबटपणा झाकायला एवढा मध लागतो की खिसाही आंबतो आणि कैरीची चवही दबते. एक वाटी उकडलेल्या कैरीचा गर गरम असतानाच पाऊण वाटी गूळ त्यात विरघळवा. वेलची, केशर, किंचित मीठ घाला. गर पूर्ण गार झाला की पाव वाटी मध घाला आणि बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. लागेल तसा गर गार पाण्यात कालवायचा. गोडीला गूळ, वासाला मध. हे मी बरेच प्रयोग करून शिकले.

तिसरं आलं-लिंबू. आल्याचा रस दोन चमचे, लिंबाचा रस चार चमचे, मध चार चमचे, चिमूटभर मीठ. हे मिश्रण फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. पेल्याला दोन चमचे घ्यायचे. थंडीत गवती चहाचा काढा करता ना, त्यातही घाला, पण काढा उकळत असताना नाही. पेला हातात धरवतोय, घोट घेता येतोय, एवढा निवला की मग. हळदीच्या दुधाचंही तसंच.

आता ताटाची डावी बाजू. माझी सगळ्यात आवडती म्हणजे फेसलेल्या मोहरीची काकडीची कोशिंबीर. एक चमचा मोहरी, थोडं मीठ आणि चमचाभर पाणी घालून खलबत्त्यात किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात फेसायची. नाकात झिणझिण्या आल्या की झाली. त्यात दोन चमचे मध आणि अर्ध्या लिंबाचा रस. दोन काकड्या चोचवून, पिळून, वाटीभर घट्ट दह्यात घाला आणि पानं वाढायच्या वेळीच मोहरी कालवा. आधी कालवून ठेवलीत तर मीठ आणि मध दोघं मिळून काकडीचं पाणी काढतात आणि कोशिंबिरीची आमटी होते. मोहरीचा तिखटपणा आणि मधाची गोडी यांचं इतकं छान जमतं की आमच्याकडे साखरेची कोशिंबीर आता कोणी मागत नाही.

दुसरं रताळं. उकडलेल्या रताळ्याच्या जाड चकत्या तव्यावर एक चमचा तुपात दोन्ही बाजूंनी खरपूस करा. गॅस बंद. दोन मिनिटं थांबा. मग दोन चमचे मध, लाल तिखट, मीठ, लिंबू असं एकत्र करून वरून फिरवा. उपासालाही चालतं. तूप एक आणि मध दोन असं मी मुद्दाम सांगते, कारण तूप आणि मध समप्रमाणात घ्यायचे नाहीत ही घरातली जुनी शिस्त आहे. पंचामृत करतानाही आपण ते पाळतोच.

पंचामृतावरून आठवलं, आपल्याकडे पंचामृतं दोन. एक देवाचं, दूध, दही, तूप, मध, साखरेचं. दुसरं ताटातलं, मिरच्या, तीळ, दाणे, खोबरं, चिंच आणि गुळाचं. एकीनं मला विचारलं होतं, त्या दुसऱ्यात गुळाऐवजी मध घालू का? नको. ते रटरट उकळायचं असतं, चिंचेला गूळच लागतो. प्रत्येक ठिकाणी मध घुसवायचा नाही. संक्रांतीला मी तेच केलं होतं.

आता गोड. शिकरण म्हणजे केळं, दूध, साखर. साखरेच्या जागी मध घाला, दोन केळ्यांना दोन चमचे. पाच मिनिटांत होतं, पाहुण्यांसमोर ठेवायला लाज वाटत नाही.

श्रीखंड मात्र जपून. मधात साधारण सतरा-अठरा टक्के पाणी असतं, त्यामुळे सगळी साखर काढून मध घातला तर श्रीखंड सैल पडतं. अर्धा किलो चक्का घ्या, पण तो रात्रभर फ्रीजमध्ये टांगून अगदी कोरडा केलेला. त्यात दोनशे ग्रॅम पिठीसाखर घालून गाळून घ्या आणि शेवटी पाच-सहा मोठे चमचे मध हलक्या हातानं मिसळा. वेलची-जायफळ घालू नका, मधाचा वास लागू द्या. हेच श्रीखंड सासवडकडच्या ताज्या अंजिरांवर चमचाभर ठेवलं की झालं. आज टेबलावर आहे ते हेच. वास आला असेलच.

केकबद्दल माझ्या सुनेला विचारा. ती नाचणीच्या केकमध्ये मध घालते. मी खाते, पण करत नाही, मामाचा धाक अजून आहे. तिचा हिशोब असा. एक वाटी साखरेऐवजी पाऊण वाटी मध, दूध-पाणी नेहमीपेक्षा पाव वाटी कमी, आणि ओव्हन पंधरा अंशांनी कमी, कारण मधाचा केक वरून लवकर काळपट होतो. मऊपणा मात्र दोन-तीन दिवस टिकतो. तेच पाणी ओढून धरणारं फ्रुक्टोज, ज्यानं माझ्या वड्या बिघडवल्या, ते केकमध्ये कामाला येतं.

मधात मुरवलेले आवळे करणाऱ्यांसाठी एक सूचना. आवळ्याचं पाणी सुटून मध पातळ होतो, आणि पाणी वाढलेला मध आंबतो. आवळे वाफवून पूर्ण कोरडे करून घाला, बरणी फ्रीजमध्ये ठेवा, फेस दिसला तर मोह सोडा.

आता तिसरी गोष्ट, कोणाच्या पानात. इथे मला थोडं गंभीर बोलायचंय. मागच्या बाजूनं कुजबुज थांबवा.

सहा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना मधुमेह निघाला. मी घरातली साखर त्याच दिवशी बंद केली. फार शहाणी ना मी! चहा बिनसाखरेचा. पण सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे मध, दुपारी ताकाबरोबर फळं आणि वर मध, रात्री दुधात मध. का, तर "मध म्हणजे साखर नव्हे, तो नैसर्गिक आहे." तीन महिन्यांनी एचबीएवनसी केली. ७.२ होती ती ८.१ झाली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाताय? मी अभिमानानं सगळं सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. चहाचा सपाट चमचा साखर म्हणजे चार ग्रॅम. तोच चमचा मध म्हणजे सात ग्रॅम, कारण मध जड असतो. आणि त्या सात ग्रॅममध्ये साखरच पावणेसहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मी साखर बंद करून त्यांना दीडपट साखर चारत होते. आणि प्रेमानं चारत होते, म्हणून त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

घरी येताना रिक्षात हे एवढंच म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत असेल." त्यानंतर आमच्याकडे मधाची बरणी वरच्या फळीवर गेली. त्यांच्या वाट्याचा मध डॉक्टरांना विचारून, दिवसाच्या हिशोबात धरून, कधीतरी अर्धा चमचा. तुमच्या घरी कोणाला मधुमेह असेल तर आजच्या माझ्या कोणत्याही पदार्थाला "डायबेटिसला चालतं" असं लेबल लावू नका. मध गुणी आहे, पण तो साखरच आहे.

दुसरं, बाळं. माझा नातू झाला तेव्हा मी सोन्याची अंगठी आणि मामाकडच्या मधाची छोटी बाटली पिशवीत घालूनच दवाखान्यात गेले होते. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या बाळाला पहिला मध चाटवतात. बालरोगतज्ज्ञ बाईंनी बाटली बघितली आणि म्हणाल्या, "आजी, वर्ष होईपर्यंत एक थेंबही नको." मला राग आला. आम्ही नाही का जगलो? पण त्यांनी बसवून समजावलं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. आपल्या पोटात त्यांचं काही चालत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला शी होईनाशी होते, रडण्यातला जोर जातो, दूध ओढता येत नाही, मान टाकतं, पुढे श्वासावर येतं. हे क्वचित होतं, पण ज्याच्या घरी होतं त्याला क्वचित कसलं? आणि मध शुद्ध असला, घरचा असला किंवा उकळून दिला, तरी हा धोका जात नाही.

हे मी इथे का सांगतेय? तर आपल्या गणपतीत आणि सत्यनारायणाला आपण तीर्थ म्हणून पंचामृत देतो आणि कडेवरच्या बाळाच्या ओठालाही बोट लावतो. त्यात मध असतो. माझी विनंती आहे की यापुढे वर्षाच्या आतल्या बाळांना ते लावू नये. बाळाच्या कपाळाला अंगारा लावा, देव तेवढ्यावर खूश असतो. माझ्या नातवाला मी सव्वा वर्षाचा झाल्यावर अंगठीनंच मध चाटवला. त्यानं अंगठीही गिळायचा प्रयत्न केला, ती गोष्ट वेगळी.

मध घ्यायचा कुठला, हे तुम्ही विचारणारच. पाण्यात थेंब टाकून बघणं, कापसाची वात मधात बुडवून पेटवणं, मुंग्या लागतात का बघणं, या घरगुती परीक्षांवर भिस्त ठेवू नका. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं दाखवून दिलं की बाजारात भेसळीसाठी असे पाक वापरले जातात की ते प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचण्यांनाही चकवतात. मग आपला पेला काय पकडणार! आणि मध थिजला, खाली रवाळ साखरेसारखा बसला, तर तो खोटा असं समजून टाकून देऊ नका. खरा मधही थिजतो, त्यातलं ग्लुकोज खडे धरतं. बरणी कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होतो.

शक्य असेल तर मधपाळाकडून किंवा मधपाळांच्या सहकारी सोसायटीकडून घ्या. महाबळेश्वरला अशी सोसायटी आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ मध्ये राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या पुढाकारानं देशातलं पहिलं "मधाचं गाव" म्हणून जाहीर झालं. सहलीला जाता तेव्हा स्ट्रॉबेरीच्या रांगेतून जरा बाहेर पडून तिकडे जा. जांभळाचा मध, हिरड्याचा मध, कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते तेव्हाचा कारवीचा मध, प्रत्येकाचा रंग आणि चव वेगळी. एकदा जांभळाचा गडद मध जिभेवर ठेवा, मग कळेल मामा एकच थेंब का द्यायचा.

शेवटची गोष्ट, आणि ती पदार्थाची नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बी विंगच्या गच्चीखाली, पाण्याच्या टाकीच्या बाजूला आग्या माश्यांचं पोळं आलं होतं. दोन हात रुंद. आपल्या वॉचमनकाकांना दोन माश्या चावल्या, हात सुजला. लहान मुलं खाली खेळतात, भीती वाटणं साहजिकच होतं. अर्ज झाला. त्या अर्जावर सातवी सही माझी होती. मामाच्या पेट्यांमध्ये वाढलेली मी, आणि सही करताना मला एकदाही वाटलं नाही की कोणाला तरी विचारावं. पेस्ट कंट्रोलची माणसं रात्री आली, औषध मारलं आणि गेली. पैसे आपण दिले, काम आपण सांगितलं, त्यामुळे दोष त्यांना देत नाही.

सकाळी मी दूध आणायला खाली गेले. पार्किंगमध्ये माश्यांचा सडा होता. काही अजून हलत होत्या. पोळं खाली पडून फुटलं होतं आणि मध फरशीवरून गटाराकडे चालला होता. झाडायला येणाऱ्या मावशींनी त्याचा एक तुकडा उचलून डब्यात ठेवला. मी ओरडले, "मावशी, टाका तो, त्याला औषध मारलंय." त्यांनी तो तुकडा हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मध पण मारला व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही. चमच्याला बारा माश्या, हा हिशोब मला त्या वेळी माहीत होता. त्या फरशीवर किती चमचे होते ते मी मोजायला गेले नाही.

नंतर मी चौकशी केली. आग्या माश्या कायमच्या राहायला येत नाहीत. त्या फिरस्त्या. फुलोरा असतो तोवर राहतात, संपला की पोळं सोडून आपणहून निघून जातात. त्यांना दगड, धूर, फटाके आणि रात्रीचा झगझगीत दिवा लागला तरच बहुतेक वेळा त्या उठतात. आणि इथून अर्ध्या तासावर, गणेशखिंड रस्त्यावर, केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. पुण्यात राहून आपल्याला ते आठवलं नाही.

म्हणून कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे, आणि ती मी पुढच्या वार्षिक सभेत लेखीही देणार आहे. पुन्हा पोळं आलं, आणि ते येणार, तर आधी त्यातल्या जाणकाराला बोलवायचं. जागा लांबची असेल तर गच्चीचा तो भाग बंद करून, दिवा काढून, पाटी लावून ते जाण्याची वाट बघायची. खरोखर धोका असेल, जिना किंवा खिडकी जवळ असेल, तर प्रशिक्षित माणसाकडून ते हलवून घ्यायचं. औषध मारणं हा पहिला उपाय असायला नको. कोणाला माशी चावलीच तर काटा नखानं खरवडून काढा, आणि अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर लगेच दवाखान्यात न्या. हे चार कागद नोटीस बोर्डावर लावायला मी तयार आहे.

पंचवीस वर्षांत आपण पाण्यावरून भांडलो, पार्किंगवरून भांडलो, गच्चीवर वाळवण घालण्यावरून तर तीन सभा झाल्या. तरी दर वेळी कोणीतरी चहा केला आणि आपण परत एकत्र बसलो. या वेळी मी माश्यांसाठी भांडायला येणार आहे. ज्यांनी अर्जावर सही केली होती त्यांच्यावर माझा राग नाही. सातवी सही माझीच होती ना.

बोलणं लांबलं. आता टेबलावरची झाकणं काढा. कोकम सरबत, मोहरीची कोशिंबीर, रताळी आणि अंजीर-श्रीखंड. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी कोशिंबीर दोन चमचे घ्या आणि श्रीखंडाकडे प्रेमानं बघा. आमचे हे मागे बसलेत, ते तेच करणार आहेत.